मातीतल्या जिवाणूंची एन्झाइम्स वापरून रोगाची बुरशी रोखायची कशी: नवीन लोकांसाठी सुरुवातीपासून

मर, मूळकुज, रोपं कोलमडणं असले मातीतून येणारे बुरशीचे रोग जिवाणू वापरून आटोक्यात ठेवता येतात हे कळलं की बरेच जण उत्साहाने कामाला लागतात, पेट्री डिशमध्ये छान पारदर्शक वर्तुळ दिसलं की जिंकलो असं समजतात, आणि मग कुंडीत काहीच फरक दिसत नाही तेव्हा सगळं सोडून देतात. जिवाणू वाईट असतो असं नाही हो, बहुतेक वेळा डिशमध्ये नेमकं कोणी काम केलं हेच तपासलेलं नसतं. एन्झाइमने (जिवाणूने सोडलेल्या, रेणू तोडणाऱ्या प्रथिनाने) केलं की अँटिबायोटिकने? आणि ज्या अन्नावर जिवाणू डिशमध्ये वाढवला ते मातीत त्याला मिळणार आहे का? हे दोन प्रश्न शेवटपर्यंत डोक्यात ठेवा, खालच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्याभोवतीच आहेत.

आधी थोडी माहिती, कारण ही नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. बुरशीच्या तंतूला बाहेरून एक भिंत असते. त्यात कायटिन असतं (कीटकांच्या आणि खेकड्या-कोळंबीच्या कवचात असतं तेच), बीटा-१,३-ग्लुकान आणि बीटा-१,६-ग्लुकान (ग्लुकोजच्या लांब साखळ्या) असतं आणि वरून प्रथिनांचा थर. कायटिन पहिल्यांदा सापडलं तेसुद्धा बुरशीवर्गातच, १८११ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला मशरूममध्ये. वनस्पतीच्या स्वतःच्या पेशीभिंतीत कायटिन नसतं, म्हणून कायटिन तोडणारं एन्झाइम म्हणजे कायटिनेज वापरलं तर बुरशीची भिंत फुटते आणि रोपाच्या भिंतीला धक्का लागत नाही. इतकंच नाही, कायटिनचे तुटलेले तुकडे मुळांना जाणवतात, त्यासाठी वनस्पतीकडे खास रिसेप्टर असतात, आणि मग रोप स्वतःची बचावयंत्रणा चालू करतं. हा दुहेरी फायदा मला या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पण भिंत एका एन्झाइमने पडत नाही. कायटिनेज आणि बीटा-१,३-ग्लुकानेज (ग्लुकान तोडणारं) जोडीने लागतात, सोबत प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं) असलं तर अजून बरं, कारण वरचा प्रथिनांचा थर निघाल्याशिवाय आतलं कायटिन उघडं पडत नाही. कायटिनेजमध्येही प्रकार आहेत, जिवाणूंमध्ये जास्त करून जीएच-१८ कुटुंबातलं सापडतं आणि काही स्ट्रेप्टोमायसीसमध्ये (मातीतले तंतूंसारखे वाढणारे जिवाणू) जीएच-१९ कुटुंबातलं, जे बुरशीच्या तंतूंवर बरेचदा जास्त जोरदार चालतं. २०१० मध्ये अजून एक गोष्ट समोर आली की सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूमधलं सीबीपी-२१ नावाचं प्रथिन, जे आधी नुसतं कायटिनला चिकटतं असं वाटायचं, ते खरं तर एन्झाइम आहे आणि कायटिनचे घट्ट स्फटिक ऑक्सिडेशनने तोडून कायटिनेजला आत शिरायला वाट करून देतं. म्हणजे ही सगळी एक टोळी आहे आणि आपल्याला अख्खी टोळी बाळगणारा जिवाणू हवाय.

पायरी १: शत्रू कोण ते आधी ठरवा

ही पायरी लोक सरळ सोडून देतात आणि इथेच निम्मं काम फसतं. रोप कोलमडलं म्हणजे बुरशीच असं धरून चालतात, पण पिथियम आणि फायटोफ्थोरा हे दिसायला बुरशीसारखे असले तरी खऱ्या बुरशा नाहीत, ते ऊमायसीट. त्यांच्या भिंतीत मुख्य माल सेल्युलोज आणि बीटा ग्लुकान, कायटिन जवळजवळ नाहीच. तिथे नुसता कायटिनेजवाला जिवाणू कितीही टाका, काही होणार नाही. तिथे ग्लुकानेज पाहिजे. लायसोबॅक्टर एन्झायमोजीन्स या जिवाणूच्या सी-३ या स्ट्रेनमधली (वाणातली) बीटा-१,३-ग्लुकानेजची जीन्स बंद केली तेव्हा त्याची पिथियम रोखायची ताकद कमी झाली, म्हणजे ग्लुकानेज तिथे खरंच कामाला येतं हे थेट दाखवलं गेलंय.

फ्युझेरियम, रायझोक्टोनिया, स्क्लेरोशियम, बोट्रायटिस, अल्टरनेरिया या खऱ्या बुरशा, यांच्या भिंतीत कायटिन आहे. पण यांचे काळे-तपकिरी स्क्लेरोशिया (तंतूंच्या कडक गाठी) किंवा जाड भिंतीचे बीजाणू असतात ना, त्यावर बरेचदा मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असतं आणि मेलॅनिन एन्झाइमला आत जाऊ देत नाही. मार बसतो तो तंतूच्या वाढत्या टोकाला आणि नुकत्या रुजणाऱ्या बीजाणूच्या कोवळ्या नळीला, कारण तिथली भिंत ताजी आणि उघडी असते. याचा सरळ अर्थ असा की ही पद्धत रोग येण्याआधी वापरायची, झाड सुकायला लागल्यावर मुळात शिरलेली बुरशी एन्झाइमने बाहेर निघणार नाही.

तर रोगट मुळाचा तुकडा घ्या, वरून १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १ ते २ मिनिटं बुडवा, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, पीडीए (बटाटा, ग्लुकोज आणि अगरचं) माध्यमावर ठेवा, जी बुरशी उगवेल ती मायक्रोस्कोपखाली बघा किंवा ओळखणाऱ्याकडून ओळखून घ्या. तंतूंमध्ये आडवे पडदे दिसत नसतील तर ऊमायसीटचा संशय घ्यायचा. आणि ही बुरशी जपून ठेवा, पुढे सगळ्या चाचण्या तिच्यावरच करायच्यात, दुसऱ्या कोणाच्या संग्रहातल्या बुरशीवर नाही.

पायरी २: माती कुठली घ्यायची

ज्या जागी रोग आहे पण मधेच एखादं रोप ठणठणीत उभं आहे, त्या रोपाच्या मुळांना चिकटलेली माती घ्या. पाच-सहा ठिकाणची घ्या, वेगवेगळ्या पिशवीत, तारीख जागा लिहून. लगेच काम जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, उन्हात सुकवू नका (स्ट्रेप्टोमायसीस शोधायचे असतील तर सावलीत सुकवलेली चालते, उलट बरीच, कारण बाकीचे नाजूक जिवाणू कमी होतात).

आता एक युक्ती जी मी प्रत्येकाला सांगतो. माती थेट प्लेट करण्याआधी तिला थोडं कायटिन खाऊ घाला. १०० ग्रॅम मातीत १ ग्रॅम कायटिन पावडर मिसळायची, ओलसर ठेवायची, चिखल नाही, आणि दोन-तीन आठवडे खोलीच्या तापमानाला झाकून ठेवायची. कायटिन खाऊ शकणारे वाढतात, बाकीचे मागे पडतात. १९६१ च्या सुमाराला मिचेल आणि अलेक्झांडर यांनी मातीत कायटिन मिसळून फ्युझेरियमची मूळकुज कमी होते हे दाखवलं होतं, त्यामागचं मोठं कारण हेच मानलं जातं की कायटिन खाणारे मातीतलेच जीव वाढतात आणि मग बुरशीच्या भिंतीवरही तुटून पडतात.

पायरी ३: कोलॉइडल कायटिन बनवणं

बाजारातली कायटिन पावडर कडक असते, जिवाणूला ती खायला वेळ लागतो आणि प्लेटवर कायटिन तुटल्याचं पारदर्शक वर्तुळही नीट दिसत नाही, म्हणून ती ॲसिडमध्ये फुगवून दुधासारखी करावी लागते. १० ग्रॅम बारीक पावडर घ्या, तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण १२० ते १८० मिली, ॲसिड थंड करून त्यात पावडर थोडी थोडी हलवत टाकायची, गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत, मग ४ अंशाला रात्रभर ठेवायचं. सकाळी ग्लास वूलमधून गाळून भरपूर बर्फाच्या पाण्यात हळूहळू ओतायचं आणि ढवळत राहायचं, पांढरा साका तयार होतो. तो साका पाण्याने धूत राहायचा, पीएच ५ ते ७ च्या मधे येईपर्यंत, आणि याला कंटाळा करू नका, ॲसिड राहिलं तर प्लेट जमतसुद्धा नाही कारण ॲसिडमध्ये अगर नीट घट्ट होत नाही.

हे काम फ्युम हूडमध्येच करायचं. ग्लोव्हज, गॉगल, ॲप्रन. घरात, स्वयंपाकघरात, बंद खोलीत अजिबात नाही, त्या ॲसिडच्या वाफा फुप्फुसं जाळतात. ज्याच्याकडे हूड नाही त्याने कॉलेजच्या किंवा संशोधन केंद्राच्या लॅबमधून हे करून घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. कवचाच्या प्राण्यांची ॲलर्जी असेल तर पावडर हाताळतानाही मास्क लावा.

तयार कायटिन सुकवू नका, सुकलं की पुन्हा घट्ट खडे होतात. ओलंच फ्रिजमध्ये ठेवा आणि त्यातलं थोडंसं, समजा ५ ग्रॅम, ओव्हनमध्ये सुकवून वजन करा म्हणजे ओल्यात कोरडं कायटिन किती टक्के आहे ते कळेल, माध्यमात टाकताना हिशोब कोरड्याचाच धरायचा.

पायरी ४: जिवाणू वेगळे करणं

माध्यम साधं आहे, १ लिटरला डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३ ग्रॅम, अमोनियम क्लोराइड १ ग्रॅम, मीठ अर्धा ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट अगदी चिमूटभर म्हणजे ०.०५ ग्रॅम, कोलॉइडल कायटिन कोरड्या हिशोबाने १० ग्रॅम, अगर १५ ग्रॅम, पीएच ७. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशाला २० मिनिटं. साखर टाकायची नाही. ग्लुकोज असलं की बहुतेक जिवाणू कायटिनेज बनवणं बंद करतात, सोपं अन्न समोर असताना अवघड अन्नासाठी हत्यार कशाला काढतील, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण पायरी ५ मध्ये हीच परत येणार आहे.

१ ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात, नीट हलवून त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीत, असं दहा-दहा पटीने पातळ करत एक लाखपटीपर्यंत जायचं. हजारपट, दहा हजारपट आणि लाखपट अशा तीन नळ्यांमधलं ०.१ मिली प्लेटवर पसरायचं. फक्त बॅसिलस हवे असतील तर मातीचं पाणी आधी ८० अंशाला १० मिनिटं गरम करा, बीजाणू करणारेच वाचतात. २८ ते ३० अंशाला ठेवा, बाकीचे जिवाणू तीन ते सात दिवसांत दिसतात पण स्ट्रेप्टोमायसीसला दहा दिवसही लागतात, तेव्हा प्लेट लवकर फेकू नका. प्लेटवर कधी कधी बुरशीही उगवते आणि तिच्याभोवतीही वर्तुळ दिसतं, ट्रायकोडर्मा ही बुरशी तर कायटिनेजमध्ये पटाईत आहे, तेव्हा कापसासारखं काही दिसलं तर त्याला जिवाणू समजून पुढे नेऊ नका.

ज्या वसाहतीभोवती पारदर्शक वर्तुळ आहे ती उचलून दोन-तीनदा रेघा ओढून शुद्ध करायची. वर्तुळाचा व्यास भागिले वसाहतीचा व्यास असं गुणोत्तर काढून ठेवा पण त्याला फार डोक्यावर घेऊ नका. एन्झाइम अगरमध्ये किती पसरतं यावर वर्तुळ ठरतं, एन्झाइम किती बनतं यावर पूर्णपणे नाही, आणि लहान वर्तुळवाला जिवाणू कुंडीत पुढे गेला असं बऱ्याचदा होतं. ग्लुकानेजसाठी पॅकिमान किंवा लॅमिनारिन (दोन्ही बीटा-१,३-ग्लुकानच) घातलेली प्लेट आणि प्रोटिएजसाठी स्किम मिल्क प्लेट, ह्या दोन्ही लगेच करून टाका, तिन्हीवर चालणारे वेगळे काढा.

आता कोण कोण सापडेल? बॅसिलस आणि त्याचे नातलग पेनिबॅसिलस, स्ट्रेप्टोमायसीस, सुडोमोनास, लायसोबॅक्टर, सेराशिया. सेराशिया मार्सेसेन्सचं कायटिनेज जबरदस्त असतं आणि वसाहत बऱ्याचदा लालभडक असते म्हणून नवीन माणूस हमखास तिलाच धरतो. पण तो आजारी आणि अशक्त माणसांमध्ये संसर्ग करणारा जिवाणू आहे, शेतात किंवा बागेत टाकायला घेऊ नका. बॅसिलस सेरियसही कायटिनेज बनवतो आणि तो अन्नातून विषबाधा करणारा आहे. बुर्खोल्डेरिया सेपेशिया गटाचंही तेच, बुरशीवर उत्तम आणि फुप्फुसाच्या रुग्णांना घातक. म्हणून १६-एस जीनवरून (जिवाणू ओळखायला वापरतात तो जीन) ओळख करून घेणं, ब्लड अगरवर रक्तपेशी फोडतो का बघणं, ३७ अंशाला किती जोमाने वाढतो बघणं हे सगळं कुंडीत जाण्याच्या आधी करायचं. १६-एस वर बॅसिलस सेरियस आणि त्याचे भाऊबंद वेगळे ओळखता येत नाहीत, त्या गटाचं नाव आलं तर मी सरळ बाजूला ठेवायला सांगेन. आणि बटाट्याच्या निर्जंतुक कापावर एक थेंब टाकून दोन दिवस बघा, काप लिबलिबीत झाला तर तो जिवाणू पेक्टिनेज (वनस्पतीच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन तोडणारं एन्झाइम) बनवतोय, तो रोपालाच कुजवेल.

पायरी ५: डिशमधलं वर्तुळ कोणाचं आहे

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. नेहमीची चाचणी अशी, पीडीए प्लेटवर एका बाजूला बुरशीचा ५ मिमीचा तुकडा, तीन सेंटिमीटरवर जिवाणूची रेघ, २५ ते २८ अंशाला ठेवून बुरशी किती थांबते ते मोजायचं. नुसत्या बुरशीच्या प्लेटवरची वाढ वजा जिवाणूसोबतची वाढ, भागिले नुसत्या बुरशीची वाढ, गुणिले १०० म्हणजे रोखण्याची टक्केवारी. ठीक आहे. पण पीडीएमध्ये ग्लुकोज ठासून भरलेलं असतं! म्हणजे जिवाणू तिथे कायटिनेज फारसं बनवतच नाही, आणि जे लांबून बुरशी थांबलेली दिसते ते बहुतेक वेळा इट्युरिन, फेंजायसिन असल्या लिपोपेप्टाइडचं (बॅसिलस बनवतो ते बुरशीचा पडदा फोडणारे लहान रेणू) किंवा सुडोमोनास असेल तर फेनाझिन, पायरोलनायट्रिन अशा अँटिबायोटिकचं काम असतं. वाईट नाही ते, उपयोगीच आहे, फक्त ते एन्झाइमचं श्रेय नाही आणि तुम्ही पुढे कायटिन घालून जिवाणू वाढवायला जाल तर गणित चुकेल.

म्हणून हे करा. जिवाणू कायटिनच्या पातळ माध्यमात वाढवा, अर्धा ते एक टक्का कोलॉइडल कायटिन किंवा त्याहून चांगलं म्हणजे त्याच शत्रू बुरशीचे मारून वाटलेले तंतू, ३० अंशाला, १५० ते १८० आरपीएमवर हलवत, दोन ते पाच दिवस. मग थंड सेंट्रिफ्यूजमध्ये ८,००० ते १०,००० आरपीएमला १५-२० मिनिटं फिरवून वरचं पाणी घ्या आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. त्याचे तीन भाग. एक तसाच, एक उकळत्या पाण्यात १५ मिनिटं ठेवलेला, एक प्रोटिनेज-के (प्रथिनं, म्हणजे एन्झाइमही, तोडणारं एन्झाइम) घालून ठेवलेला. तिन्ही वेगवेगळे १० ते २० टक्के या प्रमाणात ४५ ते ५० अंशाला आलेल्या अगर माध्यमात मिसळून त्यावर बुरशी लावा, आणि चौथी प्लेट न वापरलेल्या माध्यमाची, तिच्याशी तुलना करायची.

उकळल्यावर परिणाम गेला तर एन्झाइमचा हात मोठा. उकळूनही परिणाम तसाच राहिला तर लिपोपेप्टाइडसारखं उष्णता सोसणारं काहीतरी आहे. अर्धवट राहिला, जे सगळ्यात जास्त वेळा होतं, तर दोन्ही आहे आणि तो जिवाणू जपून ठेवण्यासारखा आहे कारण एन्झाइमने भिंत सैल केली की लिपोपेप्टाइडला आतला पडदा फोडणं सोपं जातं. डायलिसिस करूनही बघतात, १०,००० ते १२,००० डाल्टनच्या पिशवीतून लहान अँटिबायोटिक बाहेर जातात आणि एन्झाइम आत राहतं, फक्त लिपोपेप्टाइडचे रेणू एकत्र येऊन गोळे करतात आणि लहान असूनही पिशवीतच अडकतात, त्यामुळे एकट्या डायलिसिसवर निकाल देऊ नका.

मायक्रोस्कोपखालीही बघा. लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू लावून तंतूची टोकं फुगलेली, फुटलेली, आतला माल बाहेर आलेला दिसतो का. हे दृश्य उकळलेल्या भागातही तसंच दिसत असेल तर पुन्हा तोच अर्थ, एन्झाइम नाही.

एन्झाइम मोजायचं असेल तर कोलॉइडल कायटिनवर एन्झाइम चालवून सुटणारी साखर डीएनएस पद्धतीने (साखरेसोबत रंग देणारं रसायन वापरून) ५४० नॅनोमीटरला मोजतात, प्रमाण आलेख ग्लुकोजचा न काढता एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइनचा काढायचा, नाहीतर आकडा चुकीचा येतो. मिनिटाला १ मायक्रोमोल साखर सोडणारं एन्झाइम म्हणजे १ युनिट.

पायरी ६: नुसतं एन्झाइम ओतायचं की जिवंत जिवाणू

हा प्रश्न सगळेच विचारतात. लॅबमध्ये अमोनियम सल्फेटने एन्झाइम साक्यात बसवून घट्ट करता येतं आणि काचेच्या नळीत ते छान चालतं. मातीत मात्र चिकणमातीचे कण आणि ह्यूमस एन्झाइमला धरून ठेवतात, इतर जीवांचे प्रोटिएज त्याला खातात, थोड्या वेळात जोर संपतो. पानावर किंवा फळाच्या सालीवर थोड्या काळासाठी उपयोग होऊ शकतो, तिथेही ऊन आणि पाणी आहेच. मुळांच्या रोगासाठी माझं स्पष्ट मत आहे की जिवंत जिवाणूच टाकायचा, जो मुळावर वस्ती करेल आणि बुरशी जवळ आली की तिथल्या तिथे एन्झाइम बनवेल.

पायरी ७: कुंडीत चाचणी

किमान हे गट ठेवा: काहीच न टाकलेला, फक्त बुरशी, फक्त जिवाणू, दोन्ही, बुरशी आणि मारलेला जिवाणू, आणि कायटिन वापरणार असाल तर बुरशी आणि नुसतं कायटिन. मारलेल्या जिवाणूचा गट लोक ठेवत नाहीत, पण त्याच्याशिवाय कळणार कसं की फरक जिवंत जिवाणूमुळे पडला की सोबत गेलेल्या खाद्यामुळे? प्रत्येक गटात निदान आठ-दहा कुंड्या, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा म्हणजे एकाच गटाला खिडकीजवळचा उजेड मिळणार नाही.

बुरशी ऑटोक्लेव्ह केलेल्या धान्याच्या दाण्यांवर वाढवून मातीत मिसळायची. जिवाणू बुरशीच्या निदान तीन-चार दिवस आधी द्या, आणि एकदा उलट क्रमानेही करून बघा, म्हणजे उशीर झाला तर किती नुकसान होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. निर्जंतुक मातीत चाचणी छान दिसते कारण स्पर्धाच नसते, म्हणून न उकळलेल्या नेहमीच्या मातीतही तीच चाचणी करायची आणि निर्णय तिच्यावरूनच घ्यायचा. रोगाला शून्य ते चार किंवा पाच असे गुण द्या, सगळ्या रोपांच्या गुणांची बेरीज गुणिले १००, भागिले रोपांची संख्या गुणिले सर्वात जास्त गुण, हा रोगाचा निर्देशांक. मेलेल्या रोपातून तीच बुरशी परत वेगळी करा. सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून करा, एकदाच आलेल्या निकालावर विसंबू नका.

पायरी ८: तयार करणं आणि देणं

वाढवलेला जिवाणू टाल्क पावडरमध्ये मिसळतात, किलोला १० ग्रॅम कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज चिकटपणासाठी, आणि ग्रॅमला निदान १० कोटी जिवंत पेशी असाव्यात असं धरून चालतात. बॅसिलस आणि स्ट्रेप्टोमायसीस बीजाणूंच्या रूपात महिनोन्‌महिने टिकतात, सुडोमोनास आणि लायसोबॅक्टर बीजाणू करत नाहीत म्हणून सुकवताना पटापट मरतात, त्यांचं द्रव कल्चर थंड ठेवून लवकर वापरायचं. नवीन माणसाने बॅसिलसपासून सुरुवात करावी असं मी म्हणेन, टिकतो, पटकन वाढतो, फक्त तो सेरियस गटातला नाही ना ते आधी बघा.

बीजप्रक्रियेला किलोभर बियाण्याला १० ग्रॅम, रोपं लावताना मुळं पातळ घोळात अर्धा तास बुडवून, आणि नंतर मुळाशी आळवणी. पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरा, मात्र क्लोरामाइन असं उडून जात नाही, तिथे दुसरं पाणी बघा. तांब्याची औषधं आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी अँटिबायोटिक जिवाणूला मारतात, त्यांच्यासोबत मिसळू नका. बाकी कुठलं बुरशीनाशक चालेल ते प्लेटवर त्याच डोसला जिवाणू वाढतो का बघून ठरवा.

ट्रायकोडर्मा किंवा मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी उपयोगी बुरशी) वापरत असाल तर थांबा. त्याही बुरशाच आहेत, त्यांच्याही भिंतीत कायटिन आहे, आणि आपला जिवाणू मित्र-शत्रू ओळखत नाही. समोरासमोर लावून बघा, जमत असेल तरच एकत्र द्या, नाहीतर दोघांमध्ये अंतर ठेवा.

कायटिन खत म्हणून मिसळायचं असेल तर लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी, मातीच्या वजनाच्या ०.१ टक्क्यापासून सुरुवात करा. कायटिनमध्ये सुमारे ६.९ टक्के नायट्रोजन असतो आणि कार्बन-नायट्रोजनचं प्रमाणही सातच्या आसपास, त्यामुळे ते कुजताना अमोनिया सुटतो. थोडा अमोनिया बुरशीलाही त्रास देतो पण १ टक्क्याच्या आसपास गेलात तर कोवळी रोपं पिवळी पडू शकतात. आणि रोग कमी झाला तर त्यातला काही वाटा नायट्रोजनचा आणि अमोनियाचा असू शकतो, म्हणूनच वर नुसत्या कायटिनचा गट ठेवायला सांगितलं.

स्वतःच्या कुंड्यांपुरतं हे ठीक, पण असं कल्चर विकायचं किंवा इतरांना वाटायचं असेल तर बहुतेक देशांत नोंदणी आणि सुरक्षिततेच्या चाचण्या लागतात, त्या आधी विचारून घ्या.

पायरी ९: जिवाणू मुळावर टिकला का ते बघणं

टाकला आणि विसरलात असं चालत नाही. यासाठी सुरुवातीलाच जिवाणूचा रिफाम्पिसिन सोसणारा नैसर्गिक म्युटंट निवडून ठेवा, मिलीला १०० मायक्रोग्रॅम रिफाम्पिसिन असलेल्या प्लेटवर भरपूर पेशी पसरल्या की काही वसाहती उगवतात, त्यातली मूळ जिवाणूइतकीच वेगाने वाढणारी आणि तेवढंच वर्तुळ देणारी घ्या. हा म्युटंट फक्त चाचणीच्या कुंड्यांपुरता, बाहेर मोठ्या प्रमाणात द्यायला मूळ जिवाणूच. मग लागवडीनंतर १५ आणि ३० दिवसांनी मुळं उपटून, सैल माती झटकून, मिठाच्या पाण्यात हलवून रिफाम्पिसिन घातलेल्या प्लेटवर मोजा, त्याच प्लेटमध्ये मातीतली बुरशी उगवू नये म्हणून निस्टॅटिन घाला. सुडोमोनासवरच्या अभ्यासात मुळाच्या ग्रॅमला साधारण १ लाख पेशींच्या खाली संख्या गेली की रोग रोखण्याची ताकद उतरते असं दिसलंय, दुसऱ्या जिवाणूंसाठीही हाच आकडा निदान सुरुवातीला धरायला हरकत नाही. त्याच्या खाली गेलात तर पुन्हा आळवणी करा, आणि दोनदा आळवूनही संख्या टिकत नसेल तर तो जिवाणू त्या मुळाचा नाही, यादीतला पुढचा काढा.